हुरहूर म्हणजे काय?

माझी १६ वर्षांची नात शाळेतून आली की दप्तर टाकते आणि हिब्रूत म्हणते, "बासा!" पेपर बिघडला, बासा. मैत्रीण बोलली नाही, तरी बासाच. आपल्या मराठीत मात्र प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. मैत्रिणीने टाळलं की आपण हिरमुसतो. येत असलेलं उत्तर चुकलं की चुटपुट लागते. माफी मागायची राहिली की रुखरुख.

परवा तिने विचारलं, "आजी, हुरहूर म्हणजे काय?"

"रविवारी तुझा भाऊ सैन्याच्या तळावर परत निघतो, तेव्हा आपल्याला होतं ते."

ती हळूच म्हणाली, "मला वाटलं, मलाच होतं."

वडीलधाऱ्यांनो, हे शब्द नुसते फळ्यावर लिहून भागणार नाही. आपल्या मनातलंही मुलांना सांगा.