इंजिनाच्या धुराचा रंग ओळखा

विहिरीवरचे इंजिन सुरू केले की आपली नजर जाते ती पाण्याच्या धारेकडे. उद्यापासून जरा सायलेन्सरकडेही पाहत जा.

डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो. पिस्टन हवेला दाबून सुमारे सोळा-सतराव्या हिश्शात आणतो, तेव्हा ती इतकी तापते की नोझलमधून तुषारासारखे आलेले डिझेल आपोआप पेट घेते. हवा कमी पडली, तुषार नीट झाला नाही किंवा दाब उतरला, की जळण अर्धवट राहते आणि धूर दिसू लागतो.

काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. तुमच्या पैशाचीच काजळी. याचे पहिले कारण बहुधा अगदी साधे असते. हवेची गाळणी धुळीने भरलेली! मळणीच्या दिवसांत तर ती रोज पाहावी. आमच्या इंजिनाने काळा धूर धरला तेव्हा एका मिस्त्रीने रिंगा बदलायला लावल्या. खर्च झाला, धूर तसाच. शेवटी गाळणी रॉकेलमध्ये धुतली, वाटीत खुणेपर्यंत नवे ऑईल घातले आणि धूर गेला. तेव्हापासून मी आधी गाळणी उघडतो, मग मिस्त्रीला निरोप धाडतो. गाळणी स्वच्छ असूनही धूर काळाच असेल तर लोड पाहा. पंपाच्या ग्लँडचे पॅकिंग करकचून आवळू नका, तिथून पाणी थेंब थेंब गळायलाच हवे. त्यानंतर संशय नोझलवर. ते तुषाराऐवजी थेंब टाकत असेल. त्याची तपासणी मात्र पंप-नोझलच्या दुकानातच करून घ्यावी.

निळसर धूर आला तर ऑईल जळते आहे. रिंगा किंवा लायनर झिजले असतील, किंवा नुसतेच ऑईल जास्त भरले असेल. म्हणून आधी पट्टी काढून पातळी बघा.

थंडीत सकाळी थोडा वेळ पांढरा धूर येतो, त्याची चिंता नको. तापलेले इंजिनही पांढरे मारत असेल तर डिझेलमध्ये पाणी, उतरलेला दाब किंवा हेडचे गॅस्केट, यांपैकी काहीतरी आहे. इंजिनातले पाणी कारण नसता कमी होत असेल तर गॅस्केटच धरा.

पाठीवरच्या टू-स्ट्रोक फवारणी पंपाचे निराळे. त्यात पेट्रोलबरोबर ऑईल जळतेच, त्यामुळे थोडा निळा धूर असणारच. कंपनीने लिटरला २० मिली ऑईल सांगितले असेल तर ४० घालू नका, प्लग काजळतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. पंप सुमारे सात मीटरपेक्षा खालचे पाणी नीट ओढत नाही, म्हणून उन्हाळ्यात काहीजण इंजिनच विहिरीतल्या कठड्यावर उतरवतात. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नसला तरी तो असतो आणि विहिरीत साचतो. चक्कर आली हे कळेपर्यंत हातपाय गळालेले असतात. इंजिन वरच ठेवा, खोल पाण्यासाठी पाणबुडी मोटार वापरा. आत कोणी बेशुद्ध पडलाच तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. वरून इंजिन बंद करता येत असेल तर करा आणि अग्निशामक दलाला बोलवा. वाचवायला उतरलेलाही तीच हवा घेतो.