धक्का कोणी सोसायचा?

गेल्या वर्षी एन.सी.सी.च्या शिबिरात मी पहिल्यांदा पॉइंट टू टू रायफल खांद्याला लावली. धक्का हलकाच होता, पण न्यूटनचा तिसरा नियम मला त्या दिवशी खरा समजला.

अर्ध-स्वयंचलित बंदुकीत गोळीचाच जोर कामाला लावतात. बोल्ट मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे ढकलते. आमच्या बारामती-इंदापूरकडची, लेथवर हात बसलेली माझ्या वयाची काही पोरे म्हणतात, "हे घरी का जमू नये?"

मित्रांनो, मला हे पटत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बनवणे गुन्हा आहे. शिवाय हिशेब चुकला तर पोलाद आपल्याच तोंडावर फुटते. घरातला पहिला शिकणारा पोरगा तुरुंगात गेला, तर तो धक्का झेलायला स्प्रिंग नसते. तो आईच सोसते.

पण नुसत्या उपदेशाने हौस मरत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. खेड्यातल्या हातांना नेम धरता येतो. त्यांना तालुक्याच्या गावी नेमबाजीचे मैदान द्या, एवढेच मागणे.