मोबाईल हिसकू नका, आमचं ऐकून घ्या



आपल्या जिल्ह्याला लागून यवतमाळ जिल्ह्याचा पुसद तालुका आहे. तिथल्या बांशी गावाच्या ग्रामसभेनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ठराव केला, की १८ वर्षांखालच्या मुलामुलींनी मोबाईल वापरायचा नाही. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं निराळं केलं. संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजला की दीड तास घरोघरचे मोबाईल आणि टीव्ही बंद. गुरुजींनी विचारलं, तुम्हाला कोणतं पटतं? वर्गात लय गोंधळ झाला. मला वडगावचं पटलं, कारण भोंगा मोठ्यांसाठीपण होता.

माझं असं म्हणणं का, ते सांगतो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत बाबा थकून झोपले होते. मी त्यांच्या मोबाईलवर खेळ खेळत होतो. त्या खेळात अनोळखी लोकांशी लिहून बोलता येतं. एकानं लिहिलं, मीपण चौथीतच आहे. मला फार आनंद झाला. मग त्यानं गाव विचारलं, शाळा विचारली, घरी आता कोण आहे तेपण विचारलं. मी सगळं सांगितलं. मग म्हणतो, तुला खेळातले हिरे फुकट देतो, बाबांच्या मोबाईलवर एक आकडा येईल तेवढा सांग, आणि घरी बोलू नको. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. चौथीतला पोरगा असं काहून म्हणेल? मी मोबाईल पालथा ठेवून दिला.

दोन दिवस मी गप्प होतो. भीती त्या माणसाची कमी आणि बाबांच्या माराची जास्त होती. शेवटी आजीला सांगितलं. आजीला मोबाईलमधलं काही समजत नाही. पण ती म्हणाली, "तोंड न दाखवता घरचं इचारते, तो कायचा दोस्त रे?" तिनंच बाबांना सांगितलं. बाबा रागावले नाहीत. "बरं झालं आकडा नाही देला," म्हणाले आणि त्या माणसाचं बोलणं बंद करून टाकलं.

आता आमच्या गावात बांशीसारखा ठराव असता तर? मी आजीलासुद्धा सांगितलं नसतं. ठराव मोडला हेच आधी निघालं असतं.

फेसबुक, इन्स्टाग्रामवर १३ वर्षांच्या आत खातं काढायचं नाही असा त्यांचाच नियम आहे. आमच्या वर्गात दादाचं वय टाकून खातं काढलेले आहेत. नावं लिहीत नाही. पण त्यांना काही झालं तर तेपण गप्पच बसतील. म्हणून गुरुजींनी फळ्यावर लिहिलेले नंबर इथं लिहितो. मुलांच्या मदतीसाठी १०९८, पैशाच्या फसवणुकीसाठी १९३०.

पालकांनो, एक तुमचंपण आहे. नाव, शाळा कुणाला सांगू नको म्हणता, आणि वाढदिवसाला आमचा गणवेशातला फोटो नाव-गावासकट स्टेटसला तुम्हीच ठेवता. या भित्तिपत्रकाचेपण फोटो काढतात. गुरुजींनी खाली पूर्ण नाव लिहायला सांगितलं होतं, पण मी वर्गच लिहितो. शाळेत सगळ्यांना अक्षरावरून कळेलच.

इयत्ता ४ थी