कपावर छापलेली पुण्याची आठवण आम्हाला कशाला?

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, आणि रागवायचं असेल तर पूर्ण वाचून रागवा.

गणपतीतल्या स्टॉलसाठी "नॉस्टॅल्जिया" वस्तूंची जी यादी सध्या आपल्या ग्रुपांवर फिरून राहिली आहे, ती मी नीट वाचली. कॉफीचे मग, टी-शर्ट, फ्रिजचे मॅग्नेट, उशांचे अभ्रे. त्यांच्यावर काय छापायचं? 'अशी ही बनवाबनवी'तले चेहरे न् संवाद, पुणेरी पाट्या, कटिंग चहाचा ग्लास, मुंबईच्या लोकलचा डबा. आणि हे विकायचं कुठे, तर इंदूरला, बडोद्याला, ग्वाल्हेरला!

मला एक सांगा, आठवण नक्की कुणाची? दहा मिनिटांत तीन लोकल सोडून चौथीला लटकलेला माणूस आपल्या रामबागेत शोधून दाखवा. दुपारी एक ते चार दुकान बंद, हा पुण्याचा विनोद आहे. आपल्या गावात सराफ्याची खरी गर्दी रात्री दहानंतर सुरू होते, तिथे ही पाटी कुणाला टोचणार? दुसऱ्याच्या घरातला अल्बम चाळून आपण "अय्या, किती छान" म्हणतो ना, तसलं हे काम आहे.

'बनवाबनवी'वर माझा काडीचा राग नाही. १९८८ चा सिनेमा, आमच्या घरी सगळ्यांना पाठ. पण आपण तो पाहिला कसा ते आठवा. भाड्याचा व्हीसीआर, पुण्याहून कुणीतरी आणलेली कॅसेट, ती दहा घरं फिरून आलेली असल्यामुळे पडद्यावर मधूनच सरकणारे आडवे पट्टे, आणि खोलीत मावतील त्याहून जास्त माणसं. आपली आठवण त्या पट्ट्यांची आणि त्या गर्दीची आहे. (बाय द वे, त्या सिनेमाची गोष्ट मुळात 'बीवी और मकान' या १९६६ च्या हिंदी सिनेमावरून आलेली. हिंदीतून मराठीत आलेली गोष्ट बृहन्महाराष्ट्रात गाजावी, हे एका परीनं बरोबरच झालं.) शिवाय ते चेहरे छापायला परवानगी कुणाची घेतली आहे? यादीत हा रकानाच नाही.

आता कुणी म्हणेल, "काका, जुनं विकूच नका असं म्हणायचंय का?" अजिबात नाही. विका, पण आधी विकण्याजोगं काहीतरी बनवा. सारेगामाचा 'कारवाँ' २०१७ साली आला. दिसायला जुना रेडिओ, पोटात पाच हजार गाणी. आपल्यापैकी कितीजणांनी आईवडिलांसाठी घेतला असेल! तो चालला तो नुसत्या दिसण्यावर नाही. मोबाइलवर गाणं ऐकायचं तर आधी शोधावं लागतं, टाइप करावं लागतं, मधे जाहिरात येते. कारवाँचं बटण फिरवलं की कुणीतरी आपल्यासाठी गाणं निवडतं आणि आपण कुकर लावायला मोकळे. बिनाका गीतमाला ऐकतानाची तीच सवय त्यांनी परत दिली. मोबाइलच्या कव्हरावर जुन्या रेडिओचं चित्र छापलं असतं, तर ती सवय परत आली असती का?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. हाताला जुनी सवय परत देणारी वस्तू करा. आणि ती आपल्या गावांची असू द्या.

रिकामी टीका नको म्हणून एक कल्पना मांडतो. नव्वदीत मोठे झालेल्यांना ट्रंप कार्ड आठवत असतील. डब्ल्यूडब्ल्यूएफचे पैलवान, प्रत्येक कार्डावर रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स. पत्ते वाटायचे, वरचं कार्ड उचलून ओरडायचं, ज्याचा आकडा मोठा तो समोरच्याचं कार्ड ओढून घेणार. अंडरटेकर हातात आला की वर्गात दादागिरी. तोच खेळ, पण होळकर आणि बडोदा संघांच्या खेळाडूंचा करायचा.

हसू नका. होळकर संघानं रणजी करंडक चार वेळा जिंकला आहे: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. पहिलं कार्ड सी. के. नायडूंचं. १९२६ मध्ये एमसीसीविरुद्ध १५३ धावा, त्यात अकरा षटकार. मुश्ताक अली, आपल्या इंदूरचेच, परदेशात कसोटी शतक ठोकणारे पहिले भारतीय, १९३६, मँचेस्टर. चंदू सरवटे, ज्यांनी १९४६ मध्ये इंग्लंडात सरेविरुद्ध दहाव्या क्रमांकावर येऊन शतक केलं आणि शेवटच्या जोडीला २४९ धावा जमवल्या. सी. एस. नायडू, ज्यांनी १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध ९१७ चेंडू टाकले. एका सामन्यात एका माणसानं! आणि याच सामन्यात होळकरांकडून नाबाद २४९ कुणी केल्या? डेनिस कॉम्प्टननं. तेव्हा तो फौजेत होता, महूच्या छावणीत. इंग्लंडचा कॉम्प्टन आपल्या महूतून येऊन होळकरांसाठी खेळला, हे आपल्या किती नातवंडांना माहीत आहे? अंडरटेकरपेक्षा हे कार्ड कुठे कमी आहे?

बडोदेकर लगेच बाह्या सरसावतील, आणि त्यांनी सरसावाव्यातच. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या जोडीसाठी ५७७ धावा केल्या. हजारे २८८, गुल महंमद ३१९. कुठल्याही जोडीसाठीचा तो जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला. कुणाला धुतलं होतं? आपल्यालाच, होळकरांना! म्हणून खेळात एक नियम ठेवायचा: हजारे आणि गुल महंमद दोघंही एकाच्या हातात आले तर ती जोडी सगळ्यांना खाते. इंदूरच्या पोरांना हे झोंबेल. झोंबू द्या, त्याशिवाय खेळात मजा कसली.

एक रकाना मला फार आवडतो: "किती संघांचं मीठ खाल्लं". भाऊसाहेब निंबाळकर इथे भल्याभल्यांना मारतील. महाराष्ट्राकडून १९४८-४९ मध्ये त्यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या, ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम समोर दिसत असताना पलीकडच्यांनी सामनाच सोडून दिला. तेच निंबाळकर बडोद्याकडूनही खेळले आणि होळकरांकडूनही. आपली कुटुंबं नाही का, आजोबा सांगलीचे, वडील बडोद्याचे, आपण इंदूरचे, पोरगी बंगळूरला? हा इतिहास कार्डाच्या एका आकड्यात मावतो.

आणि आता खरा मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहून राहिलो. या कार्डांवर रकाने मराठीत हवेत. धावा, बळी, झेल, शतकं, डाव. आपली इंदूर-ग्वाल्हेरची पोरं देवनागरी वाचतात, पण 'बळी' वाचताना अडतात, कारण शाळेतल्या हिंदीत ळ नाही. बडोद्याची पोरं गुजराती लिपीत शिकतात, हैदराबादची बहुतेक इंग्रजीत. त्यांना मराठीच्या वर्गाला बसवायचा खटाटोप आपण सगळ्यांनी केला आहे. पहिल्या रविवारी वीस मुलं, चौथ्या रविवारी तीन, त्यातली दोन शिकवणाऱ्या बाईंचीच. पण चुलतभावाचं कार्ड ओढायला मिळणार असेल, तर तीच पोरं दिवसातून पन्नास वेळा "बळी! बळी सांग!" म्हणून बोंबलतील. मराठी संवाद छापलेला टी-शर्ट घालून पोरगं हिंदीतच बोलतं, हे आपण रोज बघतो.

हैदराबादकरांनो, तुमचाही संघ १९३७-३८ चा रणजी विजेता आहे, तुमची कार्डं तुम्ही करा. बेळगाव-गोवेकरांनी नाटकवाल्यांचा जोड करावा. अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातले गुर्लहोसूरचे, तिथून सुरुवात करा.

दुसरी कल्पना थोडक्यात. दाराआड लटकणारं 'कालनिर्णय', त्यावर दुधाचे खाडे, हीही आपली जुनी सवय. पण इंदूरच्या घरात ते एकटं पुरत नाही. शेजाऱ्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. जन्माष्टमी एकाच दिवशी, पण आपल्याकडे श्रावण वद्य आणि त्यांच्याकडे भाद्रपद कृष्ण. सुना दोन्हीकडच्या, उपास दोन्हीकडचे. दोन महिने दोन रंगांत शेजारीशेजारी दाखवणारं एक भिंतीवरचं कॅलेंडर कुणीतरी काढा. मी पहिला गिऱ्हाईक.

"पत्ते कोण खेळतं आता, सगळे फोनवर," ही हरकत येणार. मग तुमच्या घरात तो उनोचा डबा कुणी आणला? "मग छापणं सोपं आहे," हीही येणार. हो भिया, सोपं आहे, म्हणूनच सगळे तेच छापतात. ज्या इंदुरात यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात एकार्ट मुथेसियसकडून माणिकबाग उभारून घेतली, युरोपातल्या बड्या डिझायनरांच्या हातचं फर्निचर मागवलं, तिथे सोपं म्हणून मगावर थांबायचं? ते फर्निचर १९८० साली मोनाकोत लिलावात गेलं आणि माणिकबागेत सरकारी कर खातं बसलं, ते दुःख वेगळं.

तर कामाचं बोलू. पत्त्यांचा जोड ३२ चा. ज्यांच्या घरी होळकर किंवा बडोदा संघाचा ग्रुप फोटो, जुनी तिकिटं, स्कोअरकार्डं असतील, त्यांनी फोटो काढून या पोस्टखाली टाका, आणि फोटोतले कोण कोण ओळखू येतात तेही लिहा. आकडे तपासायला दोघंजण हवेत, ज्यांना चुका काढायची खोड आहे असे. चित्रं काढणारी मुलंमुली आपल्यात खूप आहेत, त्यांना टॅग करा. आणि स्टॉलवाल्या मंडळींना एक विनंती, मगांची ऑर्डर या रविवारपर्यंत थांबवा.