आधी गळती मोजा, मग कोटेशन मागवा

वीजबिलाच्या तक्रारींची पत्रे याही महिन्यात आली. बहुतेकांचा शेवटचा प्रश्न एकच : हवा पुरत नाही, 7 बारचा दाब टिकत नाही, मोठा कॉम्प्रेसर घ्यावा का? आमचा उलट प्रश्न असा की, सुट्टीच्या दिवशी गळती मोजली का? मोजली नसेल तर कोटेशन मागवू नका.

हवेवरची सगळी यंत्रे बंद ठेवा, लाइनचे व्हॉल्व्ह उघडे ठेवा आणि कॉम्प्रेसरच्या लोड-अनलोडच्या आठ-दहा फेऱ्या घड्याळ लावून टिपा. सरासरी दीड मिनिट लोड आणि साडेतीन मिनिटे अनलोड आली, तर गळती 30 टक्के. म्हणजे 500 सीएफएमच्या मशीनवर 150 सीएफएम. 100 सीएफएमला 18 किलोवॉट धरले तर 27 किलोवॉट, आणि तेही एकही सिलिंडर न हलता. व्हीएफडी मशीनवर ही रीत चालत नाही; तिथे पॅनेलवरचे किलोवॉट वाचा. देखभालीची आबाळ असलेल्या कारखान्यात 20 ते 30 टक्के गळती सर्रास सापडते.

गळती कुठे आहे हे शॉपफ्लोअरवर सगळ्यांना ठाऊक असते. घोडे अडते ते दुरुस्तीपाशी. ऑडिटर अल्ट्रासॉनिक डिटेक्टर फिरवून लाल टॅग लावून जातो. वर्षाने पाहावे तर एफआरएलखालच्या त्याच कपलिंगला तोच टॅग लटकतो आहे, कूलंटने त्यावरची तारीख पुसली आहे आणि कपलिंगभोवती इन्सुलेशन टेपचे वेढे पडले आहेत. कपलिंग शे-दोनशे रुपयांची. पण इंडेंटवर तीन सह्या हव्यात, परचेसला तीन कोटेशने हवीत आणि प्रॉडक्शन लाइन बंद करू देत नाही. वीजबिल ओव्हरहेडमध्ये जाते, त्यामुळे वाया गेलेली हवा कोणत्याच विभागाच्या खर्चात दिसत नाही. 3 मिलिमीटरचे एक भोक 7 बारला तीन ते चार किलोवॉट खाते. वर्षाच्या सहा हजार तासांत झाले किमान 18 हजार युनिट. 8 रुपये दराने एक लाख 44 हजार. एवढे पैसे त्या तीन सह्यांची वाट पाहण्यात जातात.

त्यावर कोणीतरी दाब वाढवून मोकळा होतो. 7 बारच्या आसपास दर वाढीव बारला सहा-सात टक्के वीज जास्त लागते आणि गळतीही वाढते. मग कॉम्प्रेसर आणखी अपुरा पडतो!

सरकारी योजनांचा रोखही यंत्रखरेदीकडेच आहे. बीईईच्या 2025 मधल्या ‘अदिती’ योजनेत सूक्ष्म व लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजात 5 टक्के आणि मध्यम उद्योगांना 3 टक्के सवलत आहे. योजना चांगली आहे, तिचा लाभ जरूर घ्या. पण फेरूल आणि कपलिंग बदलायला कोणी कर्ज काढत नाही, म्हणून ही बचत कोणत्याही अहवालात चढत नाही. आमची बीईईला आणि महाऊर्जेला स्पष्ट मागणी आहे : नव्या कॉम्प्रेसरच्या प्रस्तावासोबत गळती चाचणीचा आकडा सक्तीचा करा. 30 टक्के गळणाऱ्या लाइनवर कार्यक्षम मशीन बसवून देशाची वीज वाचत नाही.

कायदा आणि अधिकारी त्यांच्या गतीने चालतील. तुम्ही थांबू नका. कपलिंग, पीयू ट्यूब, फेरूल आणि ड्रेन व्हॉल्व्ह मेंटेनन्सच्या कपाटात विनाइंडेंट ठेवा. प्रत्येक सेक्शनला बंद करण्याचा व्हॉल्व्ह बसवा आणि शिफ्ट सुटताना तो बंद करण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा. ब्लोगनने कपडे झटकणे आजच थांबवा. त्यात हवा जाते, डोळाही जाऊ शकतो. भोसरी-चाकणकरांनो, येता गुरुवार सुट्टीचाच आहे. इतरांनी आपापला सुट्टीचा वार धरावा. चाचणी घ्या, दुरुस्ती करा, पुन्हा चाचणी घ्या आणि दोन्ही आकडे आम्हाला कळवा. पुढच्या अंकाची दोन पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.