‘हळू चालवलं तर चालेल का?’

शुक्रवारी संध्याकाळी सहा-साडेसहानंतर आमच्या मोबाइलवर एका ठरावीक जातीचे मेसेज यायला लागतात. गाडीच्या कुठल्यातरी पार्टचा फोटो आणि खाली एक काकुळतीची ओळ. परवाचा फोटो टायरचा होता. टायरच्या बाजूच्या भिंतीवर, म्हणजे साइडवॉलवर, चांगला लिंबाएवढा फुगवटा. खाली मैत्रिणीचा मजकूर : ‘अरे, उद्या पहाटे आई-बाबांना घेऊन कोल्हापूर. पंक्चरवाला म्हणतोय, काही होत नाही मॅडम, हवा एकदम टाइट आहे, फक्त हळू चालवा. चालेल ना?’

नाही चालणार. हळू चालवूनही नाही, ‘फक्त साताऱ्यापर्यंत’ही नाही. तिने नाइलाजाने पहाटेच्या ऐवजी टायरचं दुकान उघडल्यावर, अकराच्या सुमाराला गाडी काढली. बाबा वैतागले म्हणे. वैतागू देत.

आता पंक्चरवाला खोटं बोलत होता का? अजिबात नाही. हवा खरंच टाइट होती! अख्खा घोळ तिथेच आहे. आपण टायरचा विचार फुग्यासारखा करतो. हवा टिकतेय ना, मग झालं. पण हवा टिकवून धरणं हे एक काम आणि त्या हवेच्या जोरावर टनभर गाडी पेलणं हे दुसरं. पहिलं काम रबर करतं. दुसरं काम करतात रबराच्या आत दडलेले दोरे. आपल्या गाड्यांच्या रेडियल टायरमध्ये पॉलिस्टरच्या दोऱ्यांचा एक थर रिमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवा गेलेला असतो आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली त्यावर पोलादी तारांचे पट्टे असतात. साइडवॉलमध्ये मात्र पोलाद नाही. तिथे सगळी भिस्त त्या दोऱ्यांवर.

पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही आणि गाडी पन्नासच्या स्पीडने त्यात आदळते. त्या क्षणी खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये साइडवॉल चिमटली जाते, दारात बोट सापडावं तशी. आतले काही दोरे तुटतात. बाहेरचं रबर लवचीक, त्याला काहीच होत नाही. मग आतली हवा दोरे तुटलेल्या जागी रबराला बाहेर ढकलते. हाच तो फुगवटा. तो लगेच दिसेल असंही नाही, कधी दोन-चार दिवसांनी वर येतो, तोवर आपण तो खड्डा विसरलेलो असतो. म्हणजे त्या लिंबाएवढ्या जागेत तुमच्या फॅमिलीला सांभाळतंय ते नुसतं रबर. त्याला पॅच नाही, पट्टी नाही, सोल्यूशन नाही. कुठल्याही किमतीला तो टायर दुरुस्त होत नाही.

आणि ‘हळू’ म्हणजे तरी किती हळू? साध्या हॅचबॅकचा टायर एका फेऱ्यात साधारण १.९५ मीटर अंतर कापतो. ताशी १०० ला तो मिनिटाला साडेआठशे वेळा फिरतो. मुंबई ते कोल्हापूर पावणेचारशे किलोमीटर धरले तर जवळपास दोन लाख फेरे. प्रत्येक फेऱ्यात साइडवॉल एकदा दबते, एकदा सरळ होते. हळू गेल्याने हे फेरे कमी होत नाहीत. उष्णता कमी होते, पुढचा खड्डा जरा कमी जोरात लागतो, एवढंच. तो फुगवटा पहिल्या हजारात फुटेल, शेवटच्या हजारात की कधीच नाही, हे फोटो बघून कुणीच सांगू शकत नाही. आम्ही तर नाहीच.

एक दिलासा मात्र द्यायला हवा, कारण अशी घाबरगुंडीही दर महिन्याला येते. साइडवॉलवर आत गेलेली, उभी, बारीकशी खाच दिसतेय? हात फिरवला की खोलगट लागते? ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. दोऱ्यांच्या थराची दोन टोकं जिथे एकमेकांवर येतात तिथे टायर किंचित आवळलेला दिसतो, नव्या कोऱ्या टायरवरही. आत गेलेलं चालतं, बाहेर आलेलं नाही. एवढं लक्षात ठेवलंत तरी अर्धी डॉक्टरकी आली!

सतरा-अठरा इंची अलॉय लावून गाडी ‘सेक्सी’ करणाऱ्या मित्रांनी जरा इकडे लक्ष द्या. रिम मोठी केली की टायरची भिंत तेवढी बुटकी होते. शोरूमबाहेर दिसतं झकास, पण खड्डा आणि रिम यांच्यातलं अंतरच तुम्ही पैसे मोजून कमी करून घेतलेलं असतं.

खिळ्याची गोष्ट वेगळी. ऑफिसच्या पार्किंगमध्ये टायरमध्ये घुसलेला स्क्रू चमकताना दिसला की लोकांचा चेहरा पडतो, पण हा त्यातल्या त्यात बरा पेशंट. आधी उपटू नका! बऱ्याचदा तो खिळाच बूच बनून बसलेला असतो. त्यावर थुंकी किंवा साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतायत का बघा. हवा मोजा, कमी असेल तर भरा, आणि सावकाश जवळच्या दुकानात जा. भोक रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याच्या मधल्या भागात असेल आणि ६ मिलिमीटरपेक्षा मोठं नसेल, तर पंक्चर व्यवस्थित निघतं. टायर न उतरवता बाहेरून चिकट दोरी कोंबणारी शे-दीडशे रुपयांची पद्धत दुकानापर्यंत किंवा घरापर्यंत ठीक. लांबचा प्रवास असेल तर टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम पॅच लावून घ्या. त्याचा खरा फायदा पॅचइतकाच टायरची आतली बाजू दिसण्यात आहे. तोच खिळा टायरच्या खांद्याला, म्हणजे पट्टा संपून भिंत सुरू होते तिथे, किंवा भिंतीत असेल तर मात्र विषय संपला. दुकानदार ‘करून देतो’ म्हणेल. करूनही देईल, हवाही टिकेल. पुन्हा तीच गोम!

फुटपाथच्या कडेला घासून पडलेले ओरखडे सगळ्यात जास्त छळतात, कारण ते धड इकडचे ना तिकडचे. नुसतं वरचं रबर खरचटलंय, अक्षरांची टोकं उडालीत, तर काळजी नको. चीर पडली असेल तर ती बोटांनी हलकेच फाकवून मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघा. आत दोऱ्याचं विणकाम दिसलं, की टायर गेला. दोरा दिसत नाही पण चीर खोल आहे आणि जीव मानत नाही, तर टायर उतरवून आतून दाखवून घ्या. तिथे पैसे वाचवण्यात काही अर्थ नाही.

फोटोत कधीच न दिसणारं एक दुखणं आहे. टायर बसलाय हे कळूनही ‘पंप दोनच किलोमीटरवर तर आहे’ म्हणत गाडी तशीच रेटणारे महाभाग. हवेविना साइडवॉल रिम आणि रस्ता यांच्यात चिरडली जाते, आतून तापून सोलवटते. नंतर पंक्चर काढा, हवा भरा, बाहेरून टायर चकाचक. पण उतरवून पाहिला तर आत काळ्या रबराचा भुगा निघतो. भुगा निघाला तर तो टायर परत चढवायचा नाही. म्हणून असं काही झालं असेल तर पंक्चरवाल्यासमोर उभं राहून ‘दादा, आतून बघू द्या’ म्हणा. मोबाइलवर रील बघत बसू नका.

हे सगळं इतकं ताणून सांगण्यामागे मुंबई हायकोर्टाचा २०२३ मधला एक निकाल आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईला निघालेल्या एका गाडीचं मागचं टायर फुटलं, गाडी खोल दरीत गेली आणि सहकाऱ्यासोबत प्रवास करणाऱ्या ३८ वर्षांच्या माणसाचा जागीच मृत्यू झाला. घरात कमावणारा तो एकटा. भरपाईचा आकडा सव्वा कोटीचा. विमा कंपनीचं म्हणणं होतं की टायर फुटणं ही देवाची करणी, त्याला कोण काय करणार? कोर्टाने ते साफ फेटाळलं. टायर फुटणं ही दैवी आपत्ती नाही, हा माणसाचा निष्काळजीपणा आहे. जास्त वेग, कमी किंवा जास्त हवा, जुने टायर, तापमान अशी त्याची कारणं असतात आणि निघण्यापूर्वी टायर तपासणं हे गाडी चालवणाऱ्याचं काम आहे. ऑफिसच्या चार जणांना घेऊन लोणावळ्याला निघणाऱ्या, टोल आणि पेट्रोल वाटून घेणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा वाचावं. गाडी तुमची असेल तर टायरही तुमचेच.

रस्तेही आता पूर्वीचे राहिले नाहीत. समृद्धीवर कारला ताशी १२० ची मुभा आहे आणि तासन् तास एकाच वेगाने काँक्रीटवर धावायचं म्हणजे टायर तापणारच. हवा कमी असेल तर आणखी. गाडीला नेमकी किती हवा लागते ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. निघण्यापूर्वी, टायर थंड असताना भरा. टायर गोटा झालाय की नाही हे ठरवायला ज्योतिषी नको. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की खाच १.६ मिलिमीटर उरली. कारसाठी कायद्याची मर्यादा तीच, आणि पावसात तर त्याच्या आधीच बदललेले बरे. साइडवॉलवर चार आकडी तारीखही असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सोसायटीत उभी राहूनच म्हातारी झालेली गाडी असेल तर ही तारीख जरूर बघा.

खर्चाचं म्हणाल तर विम्याच्या भरवशावर राहू नका. नेहमीच्या पॉलिसीत नुसत्या टायरचं नुकसान धरलं जात नाही. त्याच अपघातात गाडीलाही मार लागला असेल तरच टायरचे पैसे मिळतात, तेही निम्मे. टायरसाठी वेगळं ॲड-ऑन कव्हर मिळतं, पण अटी वाचून घ्या. नवा एकच टायर घेणार असाल तर त्याच ॲक्सलवरचा जोडीदार किती झिजलाय ते पाहा. फार फरक असेल तर जोडी बदला आणि नवी जोडी मागे टाका. पुढे नाही, मागे! ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली तर गाडी सावरणं जास्त कठीण जातं.

आणि डिकी उघडा. कार्पेटखालची ती बिचारी स्टेपनी शेवटची कधी पाहिली होती? तिच्यात हवा आहे का, पाना आणि जॅक जागेवर आहेत का, हे आत्ताच बघा. अनेक गाड्यांत ती बाकीच्या चाकांपेक्षा बारीक असते आणि तिच्यावर ८० ची मर्यादा छापलेली असते. ती टायरच्या दुकानापर्यंत जाण्यासाठी आहे, कोल्हापूरपर्यंत नाही. नव्या काही गाड्यांत तर स्टेपनीच नसते. २०२० च्या नियमानुसार प्रेशर दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर कंपनीला ती वगळता येते. त्या किटमधलं औषध खिळ्याच्या भोकासाठी असतं. साइडवॉल फाटली असेल तर ते जमिनीवर सांडतं आणि तुम्ही टोइंगवाल्याला फोन लावता. तुमच्या गाडीत यातलं नेमकं काय आहे, ते आज पार्किंगमध्ये बघून या.