भावना विचारा, पण आधी 'उभे राहा' थांबवा

हल्ली काही शाळांत परिपाठानंतर मुलांना गोलात बसवून 'आज कसं वाटतंय?' असं विचारतात. भिंतीवर हसरे, रडके, रागावलेले चेहरे. मूल आपल्या चेहऱ्यावर बोट ठेवतं. मग दोन मिनिटं डोळे मिटून श्वास. दिल्ली सरकारने २०१८ मध्ये आठवीपर्यंत 'हॅपिनेस करिक्युलम' आणला, २०२० च्या शैक्षणिक धोरणातही सामाजिक-भावनिक शिक्षणाचा उल्लेख आहे. आमचा याला विरोध नाही. रात्रभर घरातली भांडणं ऐकून उपाशी आलेल्या लेकराची कुणी विचारपूस करतं, ही लहान गोष्ट नव्हे.

पण त्या लेकराने खरं उत्तर दिलं तर पुढे काय?

आम्ही चौथीत होतो. हजेरी झाली की गुरुजी म्हणायचे, 'शिष्यवृत्तीवाले उभे राहा.' आम्ही सात-आठ जण उभे राहायचो आणि अख्खा वर्ग वळून पाहायचा. कुणी शिवी दिली नाही, कुणी मारलं नाही. फक्त कोण कुठल्या जातीचं, हे रोज सकाळी सगळ्यांना पाठ व्हायचं. तेव्हा असा तक्ता असता, तर आम्ही हसऱ्या चेहऱ्यावरच बोट ठेवलं असतं. घाबरलेलं मूल तेच करतं.

बाबासाहेब शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. शिपाई नसेल तर त्यांना पाणी मिळत नसे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. श्वासाचं महत्त्व आम्हा बौद्धांना कुणी सांगायला नको, पण श्वास मोजून त्या मुलाची तहान भागली असती का? राग आवरायला मुलाने शिकायचं आणि राग आणणारी व्यवस्था तशीच ठेवायची, हा सौदा आम्हाला मान्य नाही.

म्हणून शिक्षकांनी आधी आपला वर्ग तपासावा. बसायच्या जागा दर आठवड्याला बदलाव्यात. झाडू ठरावीक मुलांच्याच हाती का येतो, हे बघून पाळ्या लावाव्यात. शिष्यवृत्तीचे कागद पालकांना बोलावून घ्यावेत, भर वर्गात नव्हे. परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचली जाते, त्यात 'बंधुता' आहे; ती पोषण आहाराच्या पंगतीत दिसते का, कोण कुणाशेजारी बसतं, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. जे दिसेल ते मुलांची नावं न घेता शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत मांडावं. त्या समितीत आपलेही पालक आहेत. त्यांनी हा विषय लेखी मागावा.